पप्पा, देवानं सांगितलं तर तुम्ही मला माराल का?

जयख्रिस्त. तुमचा प्रश्न दोनदा वाचला. थोडक्यात असा: तुमचा सात वर्षांचा मुलगा शब्बाथशाळेत, म्हणजे मंडळीतल्या मुलांच्या रविवारच्या वर्गात, अब्राहाम आणि इसहाकाची गोष्ट (देव अब्राहामाला मुलगा इसहाक वेदीवर अर्पण करायला सांगतो, आणि सुरा उगारल्यावर थांबवतो, ती) ऐकून आला आणि जेवताना त्यानं विचारलं, "पप्पा, देवानं सांगितलं तर तुम्ही मला माराल का?" तुम्ही "गप जेव" म्हणालात आणि तेव्हापासून तुम्हालाच चैन नाही. 'नाही' म्हणावं तर आपला विश्वास तोकडा ठरतो, आणि 'हो' तर तोंडातून निघत नाही. मग अगदी शेवटी, जाता जाता सांगावं तसं, तुम्ही लिहिलंय की तुमच्या प्रार्थना-गटातले एक बंधू मिसेसना सांगताहेत, मुलीच्या इंजिनिअरिंगसाठी साठवलेले पैसे हा तुमच्या घराचा 'इसहाक' आहे, तो वेदीवर ठेवा, अब्राहामानं कुठं प्रश्न विचारला होता?

मला विचाराल तर तुमची झोप त्या शेवटच्या वाक्यानं उडवली आहे. मुलाचा प्रश्न सोपा आहे. त्याचं उत्तर "नाही" असं आहे, आणि ते आजच द्या. का, ते पुढे सांगते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होते, आता निवृत्त आहे. नगर जिल्ह्यात 34 वर्षं शब्बाथशाळा घेते आहे. पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवी नाही. पण ही गोष्ट मी इतक्या वेळा सांगितली आहे, आणि सुरुवातीला इतकी वाईट सांगितली आहे, की थोडं बोलायचा हक्क मिळवलाय असं समजते.

त्या वाईट सांगण्यापासूनच सुरू करते. नवीन होते तेव्हा माझ्याकडे फ्लॅनेलचा फळा होता, त्यावर कापडी चित्रं चिकटायची. अब्राहाम, गाढव, लाकडाची मोळी, सुरा. पोरं श्वास रोखून बघतात म्हणून मी सुरा मुद्दाम हळूहळू वर सरकवायचे. एका रविवारी उपासना सुटल्यावर एका सहा वर्षांच्या मुलीला तिचे वडील सायकलवर घ्यायला आले. येताना त्यांनी चुलीसाठी जळण गोळा केलं होतं, कॅरिअरला मोळी बांधलेली. मुलगी सायकल बघून जी किंचाळली, ती देवळाच्या खांबाला मिठी मारून बसली. वडिलांना काही कळेना. मला मात्र पटकन कळलं. मोळी, बाप, आणि "चल". त्या रात्री ती आजीजवळ झोपली, पुढचे दोन रविवार आलीच नाही. फ्लॅनेलचा सुरा मी चुलीत टाकला. गोष्ट टाकून देता येत नव्हती, म्हणून ती नव्यानं वाचायला बसले.

पहिल्यांदा लक्षात आलं ते असं, की मी जो ताण धरत होते तो मूळ गोष्टीत नाहीच. बायबलमधल्या पहिल्या पुस्तकाच्या, उत्पत्तीच्या, 22 व्या अध्यायाची पहिलीच ओळ सांगून टाकते की देवानं अब्राहामाची कसोटी पाहिली. म्हणजे गोष्ट सांगणाऱ्यानं गुपित आधीच फोडलंय. अब्राहामाला माहीत नाही, पण ऐकणाऱ्याला माहीत असलंच पाहिजे अशी व्यवस्था आहे. आपण शब्बाथशाळेत ती ओळ गाळतो आणि सिनेमा करतो. तेव्हापासून माझा नियम: दहाच्या आतल्या मुलांना ही गोष्ट सांगायची तर शेवट आधी. "इसहाकाला काही झालं नाही, तो मोठा झाला, त्याचं लग्न झालं, त्याला जुळी मुलं झाली. आता ऐका काय घडलं ते." सातच्या आतल्यांना तर मी सांगतच नाही, त्यांना अब्राहामाचे तारे आणि तंबूत आलेले पाहुणे पुरतात.

हे मुलावरही अवलंबून असतं, हे कबूल करते. ज्या घरात बाप हात उगारतो, त्या घरातल्या मुलाला ही गोष्ट कितीही गोड करून सांगा, त्याला फक्त सुरा दिसणार. तिथे आधी घरातलं बघावं लागतं. तुमच्या पत्रावरून तुम्ही तसे वाटत नाही, पण तुमचा मुलगा गप्प गप्प राहत असेल किंवा रात्री दचकत असेल तर गोष्ट तूर्त बाजूला ठेवा. आणि एक अगदी वेगळी गोष्ट: कुणाला खरोखरच 'अमक्याला इजा कर' असा आवाज ऐकू येत असेल, तर प्रार्थना करत बसू नका, त्याच दिवशी मनोविकारतज्ज्ञाकडे न्या. मी एकदा पाहिलंय. वेळेवर नेलं म्हणून निभावलं.

आता अब्राहामानं प्रश्न विचारला नाही, या विधानाकडे येऊ. तुमच्या त्या बंधूंनी बहुतेक फक्त 22 वा अध्याय वाचलाय.

अब्राहाम हारान सोडून निघाला तेव्हा 75 वर्षांचा होता आणि इसहाक झाला तेव्हा 100 वर्षांचा. मधली 25 वर्षं हा माणूस देवाशी काय बोलत होता ते बघा. "मला काय देणार? मी तर निपुत्रिक चाललोय." हा एक प्रश्न. "हा देश मला मिळेल हे कशावरून समजू?" हा दुसरा. शंभराव्या वर्षी मूल होईल म्हटल्यावर तो पालथा पडून चक्क हसला. आणि देव सदोम शहराचा नाश करायला निघाला तेव्हा तर त्यानं मंडईत भाव पाडावा तसा भाव पाडला: 50 नीतिमान सापडले तर? 45? 40? 30? 20? 10? देव प्रत्येक वेळी "बरं" म्हणाला. एकदाही "तोंड वर करून बोलतोस?" असं म्हणाला नाही. शिवाय हाच अब्राहाम जीव वाचवायला दोनदा बायकोला बहीण म्हणून मोकळा झालेला आहे. म्हणजे कोरा, निमूट, आज्ञाधारक पुतळा नव्हे. भांडून, चुकून, हसून ज्याला तो आवाज ओळखीचा झाला होता, असा म्हातारा त्या सकाळी उठून गाढवावर खोगीर घालतो.

मग परक्या शहरासाठी घासाघीस करणारा स्वतःच्या मुलासाठी गप्प का बसला? यावर मी पूर्वी फळाभर स्पष्टीकरण द्यायचे. आता देत नाही. ग्रंथानं तिथे मौन ठेवलंय, तर मीही ठेवते. यहुदी शास्त्र्यांना मात्र हे मौन सहन झालं नाही. तालमुद या त्यांच्या धर्मचर्चेच्या ग्रंथात त्यांनी त्या एका आज्ञेतच संवाद घुसवला. देव म्हणतो, "तुझा मुलगा घे." अब्राहाम: "मला दोन मुलगे आहेत." (दुसरा इश्माएल, दासी हागारेचा.) "तुझा एकुलता एक." "दोघंही आपापल्या आईचे एकुलते एक आहेत." "ज्याच्यावर तू प्रीती करतोस तो." "दोघांवरही करतो." तेव्हा कुठे, "इसहाक." मला हा संवाद फार आवडतो. पाय ओढत ओढत आज्ञेकडे जाणारा बाप दिसतो त्यात. प्रीतीचं आज्ञापालन असंच असतं, असं मी म्हणेन. झटपट होतं ते बहुतेक भीतीचं असतं.

आणि खुद्द 22 व्या अध्यायात प्रश्न नाही असं तरी कुठंय? आहे. बरोबर मधोमध आहे. विचारणारा इसहाक आहे.

हे दृश्य सावकाश वाचा. बैर-शेब्याहून मोरियाच्या प्रदेशापर्यंत, म्हणजे यरुशलेमेचा डोंगर धरला तर, साधारण नगरहून शिर्डीला पायी जावं एवढं अंतर. तिसऱ्या दिवशी जागा दिसते. चाकरांना गाढवापाशी थांबवून बाप लाकडं मुलाच्या अंगावर देतो. विस्तव आणि सुरा मात्र स्वतःच्या हातात ठेवतो. कापेल, भाजेल असं काही मुलाच्या हातात नको. ज्याला अर्पण करायला निघालाय त्याला वाटेत चटका बसू नये म्हणून जपणारा बाप! ही एक ओळ कळायला मला वीस वर्षं लागली.

मग मुलगा हाक मारतो, "बाबा." आणि अब्राहाम ओ देतो, "काय रे बाळा, इथंच आहे." मूळ हिब्रूत तो शब्द 'हिन्नेनी' आहे, 'हा मी इथे'. अध्यायात अब्राहाम असा तीनदा ओ देतो: आरंभी देवाला, शेवटी दूताला, आणि मधे मुलाला. देवाला जी ओ, तीच मुलाला. "गप चाल" नाही. मुलगा विचारतो, "विस्तव आहे, लाकडं आहेत, पण होमार्पणाचं कोकरू कुठंय?" अगदी तुमच्या मुलाचाच प्रश्न. आणि बापाचं उत्तर: देव स्वतः कोकरू पाहील.

इंग्रजी बायबल वाचणारे इथे अडखळतात, कारण हिब्रूत क्रियापद 'पाहणे' आहे आणि त्यांना ते 'पुरवणे' असं फिरवून घ्यावं लागतं. आपल्याला काही फिरवावं लागत नाही. "देव बघून घेईल" असं आपल्या आया-आज्या रोज म्हणतात. (तोच शब्द दात खाऊन म्हटला तर धमकी होते, हा भाग वेगळा.) पुढे त्या जागेचं नावच पडलं, 'परमेश्वर पाहून देईल'. म्हणून मी मुलांना सांगते, ही सुऱ्याची गोष्ट नाही, बघण्याची आहे. अब्राहाम नजर वर करतो आणि जागा दिसते; पुन्हा नजर वर करतो आणि झुडपात शिंगं अडकलेला एडका दिसतो.

इसहाकाच्या वयाचंही सांगून टाका मुलाला, फार उपयोग होतो. चित्रांत तो पाच-सहा वर्षांचा काढतात. पण होमासाठी लागेल एवढं लाकूड अंगावर घेऊन तो डोंगर चढतोय. सारेला तो 90 व्या वर्षी झाला, ती 127 व्या वर्षी वारली, म्हणजे या प्रसंगी तो जास्तीत जास्त 37 वर्षांचा असू शकतो, आणि यहुदी परंपरेत तेच वय धरतातही. शंभरी ओलांडलेल्या बापाला असा तरुण त्याच्या मर्जीविरुद्ध बांधता आला नसता. यहुदी लोक या गोष्टीला 'अकेदा' म्हणतात, म्हणजे बांधणं. बलिदान म्हणत नाहीत, कारण ते झालंच नाही. आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहुदी रोश हशनाला, म्हणजे यहुदी नववर्षाला, 'नव्याचा सण' म्हणतात. या सणाच्या दुसऱ्या दिवशी सिनेगॉगमध्ये हाच अध्याय वाचतात, आणि शोफार फुंकतात तो एडक्याच्या शिंगाचा.

आमच्या भागातल्या मुलांना आणखी एक गोष्ट आजीकडून माहीत असते, चिलया बाळाची: पाहुणा होऊन आलेला शंकर चांगुणेकडे तिचा मुलगाच जेवणात मागतो, ती. एकदा वर्गात एका मुलानं विचारलं, "बाई, चांगुणेला तरी पाहुण्यानं सांगितलं होतं. साराला विचारलं का?" मी गडबडले. खरंच, चिलयाच्या गोष्टीत सगळा भार आईवर आहे, उखळापाशी ती उभी आहे, रडू नको म्हणून बजावलेली. उत्पत्तीच्या या अध्यायात आईचं नावसुद्धा नाही. आणि पुढचा अध्याय उघडतो तो सारेच्या मरणानं. ती हेब्रोनात वारते आणि अब्राहाम तिच्यासाठी शोक करायला येतो. मी त्या मुलाला म्हटलं, "विचारल्याचं लिहिलेलं नाही." तो म्हणाला, "मग विचारायला पाहिजे होतं." मी त्याला खोडून काढलं नाही. दुसरा फरक मात्र मी त्यालाच शोधायला लावला. चिलया मरतो आणि हाकेसरशी परत येतो. इसहाकाच्या वेळी हातच वरच्यावर धरला जातो.

इथे तुमच्या मुलाच्या उत्तराचं कारण येतं. अब्राहामाच्या काळात आणि नंतरही आजूबाजूचे लोक देवाला मुलं देत होते. शेजारच्या मवाब देशाच्या राजानं लढाई हरताना तटावर थोरला मुलगा जाळल्याचं शास्त्रातच आहे. खुद्द यहूदाचे राजे आहाज आणि मनश्शे यांनी बेन-हिन्नोमाच्या खोऱ्यात मुलं अग्नीत दिली. हे खोरं कुठंय? यरुशलेमेला लागूनच. बायबलमधल्या 2 इतिहास 3:1 प्रमाणे ज्या मोरिया डोंगरावर शलमोन राजानं मंदिर बांधलं, त्याच्यापासून चालत जाता येईल इतकं जवळ. एका टेकडीवर 'मुलाला हात लावू नकोस' असं ऐकलेलं, आणि खालच्या खोऱ्यात नातवंडं-पतवंडं मुलं जाळताहेत. त्यावर यिर्मया संदेष्ट्याच्या तोंडून देव म्हणतो, मी अशी आज्ञा दिली नाही, हे माझ्या मनातही आलं नाही. मोशेच्या नियमशास्त्रात हे स्पष्ट मना आहे. म्हणून तुम्ही मुलाला निःशंक सांगू शकता: "नाही, मारणार नाही. देव तसं सांगणारही नाही, कारण त्यानं त्या दिवशीच हात धरला." हे बोलताना तुमचा विश्वास कमी पडत नाही. अब्राहामाला या गोष्टीत आज्ञा दोनदा झाल्या, आणि दुसरी 'थांब' अशी होती. सुरा उगारलेल्या माणसानं दुसरी हाक ऐकली, हे पालन पहिल्याहून सोपं होतं असं मला वाटत नाही. जोशात असलेला भक्त थांबत नाही, हे आपण बघतोच.

आता पैसे.

'तुमचा इसहाक अर्पण करा' हे वाक्य मी किमान पन्नास संदेशांत ऐकलंय. कुणाचा इसहाक म्हणजे मोबाईल, कुणाची नोकरी, कुणाचा प्लॉट. यात मुळातच गफलत आहे. इसहाक म्हणजे अब्राहामाची आवडती वस्तू नव्हे. "इसहाकाकडूनच तुझा वंश चालेल" असं देवानंच आदल्या अध्यायात सांगितलंय. म्हणजे कसोटी अशी आहे की देवाचा एक शब्द देवाच्याच दुसऱ्या शब्दाविरुद्ध उभा राहिला, आणि अब्राहामानं दोन्ही धरून ठेवले. नव्या करारातल्या इब्री लोकांस पत्रात म्हणूनच म्हटलंय, देव मेलेल्यांतूनही उठवू शकतो असं त्यानं मनाशी धरलं. चाकरांनाही तो म्हणतो, "आम्ही परत येऊ." आम्ही. मुलीच्या कॉलेजच्या फीला याची उपमा लावणं म्हणजे गोष्ट स्वस्त करणं आहे.

दुसरं, हा निरोप कुणाकडून आला? देव अब्राहामाशी बोलला. घरचा चाकर दमास्कसचा अलियेजर याला पाठवून "तुमच्या मालकांना सांगा" असं म्हणाला नाही. तुमच्या घराचा इसहाक कोणता, हे शेजारच्या बंधूंना आधी कसं कळलं? आणि अर्पण कुणाच्या खात्यात जाणार आहे? मोरियावरून अब्राहाम परत आला तेव्हा कुणाच्याही खिशात काही पडलेलं नव्हतं. मी एवढंच बघते: सांगणाऱ्याचा त्यात फायदा आहे का, किंमत कोण मोजतंय, आणि थांबून विचार करायला मुभा आहे का. अब्राहामाला तीन दिवस चालायला मिळाले. ज्याला आज रात्रीच उत्तर पाहिजे, त्याची घाई देवाची नसते, असा माझा तरी अनुभव आहे. इथे किंमत मोजणार आहे तुमची मुलगी, आणि तिला कुणी विचारलेलं दिसत नाही. मार्कच्या शुभवर्तमानाच्या 7 व्या अध्यायात येशू अशाच लोकांवर चिडलाय, जे आईबापांना द्यायचं ते 'कुर्बान' म्हणून देवाच्या नावावर टाकत आणि घरचं कर्तव्य चुकवत. मिसेसना तो भाग वाचून दाखवा, पण वादाच्या सुरात नको. त्या मनापासून घाबरल्या असतील, 'आपण नाही म्हटलं तर देव काही करेल' असं. ती भीती कुणीतरी घातलेली आहे, त्यांची चूक नाही. दोघांनी मिळून तुमच्या मंडळीच्या पाळकांना भेटा, त्या बंधूंना वगळून. द्यायचं असेल तर स्वखुशीनं, फी भरून उरेल त्यातून द्या. प्रत्येक मंडळीची रीत वेगळी असते, दशांशाबद्दल, म्हणजे मिळकतीचा दहावा भाग देण्याबद्दल, मतं वेगळी असतात, त्यात मी पडत नाही. पण फीची तारीख चुकवून काही देऊ नका.

आणि आज रात्री मुलाला गोष्ट पुन्हा सांगा, तुम्ही स्वतः. "गप जेव" म्हटल्याबद्दल आधी "चुकलं माझं" म्हणा, मुलांना ते आवडतं. मग एडक्यापासून सुरू करा. तो झुडपात कसा अडकला असेल, किती वेळ धडपडत असेल, ते त्यालाच सांगू दे. कागद आणि खडू जवळ ठेवा. माझ्या वर्गातली पोरं शिंगं फार मन लावून काढतात, वेटोळी वेटोळी, कागदाबाहेर जाईपर्यंत.